स्कूबाची टाकी सोड्यासाठी घरात आणू नका : खडकीकरांना कळकळीची विनंती

खडकीकरांनो, पाच-दहा मिनिटं काढा आणि हे शेवटपर्यंत वाचा. वाचून झालं की घरातल्या माणसांनाही वाचून दाखवा. उन्हाळ्यात रोज सोडा लागतो. बाटल्यांचा खर्च वाढत जातो. घरगुती सोडा मशीनचा छोटा सिलिंडर बघता बघता संपतो. मग कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतं. समुद्रात बुडी मारणाऱ्यांची, म्हणजे स्कूबाची, जुनी टाकी स्वस्तात घ्यायची, तिच्यात कार्बन डायऑक्साइड भरून आणायचा, एक नळी जोडायची, की वर्षभर घरचा सोडा. ऐकायला हुशारीचं वाटतं. करणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. पोराबाळांना, पाहुण्यांना गारेगार लिंबू सोडा पाजावा, चार पैसे वाचावेत, एवढंच त्याच्या मनात असतं. म्हणूनच हात जोडून विनंती आहे. टाकी आणली नसेल तर आणू नका. आणली असेल तर भरू नका. भरून ठेवली असेल तर पुढे काय करायचं ते खाली लिहिलं आहे, ते आजच करा.

आधी त्या टाकीत काय कोंडलेलं असतं ते समजून घ्या. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. तेवढ्या दाबानं झाकण उडालं तर काय होतं, हे आपल्या आया-बहिणींना माहीत आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये २० अंश तापमानाला ५७ बार दाब असतो. दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ ५८ किलोचा भार. आणि नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या स्कूबा टाकीत डायव्हिंगसाठी हवा भरतात ती २०० बारच्या आसपास. अशी टाकी फुटली तर ती नुसती फुटत नाही. भिंत पाडते, छप्पर उचलते, आणि तिचे तुकडे शेजारच्या खोलीपर्यंत जातात. नुसता वरचा व्हॉल्व्ह तुटला तरी ती जड टाकी घरभर सुसाट फिरते. समोर कोण आहे हे ती बघत नाही.

म्हणून टाकी समोर आली की आधी तिच्या खांद्याकडे बघा. जिथे गोलाई सुरू होते तिथे धातूवर ठोकलेली अक्षरं आणि आकडे असतात. बनवणाऱ्याची खूण, टाकीचा क्रमांक, किती दाब सोसते, शेवटची दाबचाचणी कोणत्या महिन्यात आणि वर्षात झाली, हे सगळं तिथे असतं. टॉर्च घ्या. बोट फिरवून एकेक आकडा वाचा. आकडे रंगाखाली बुजले असतील, घासलेले असतील, चाचणीचं वर्ष जुनं असेल, तर त्या टाकीवर विश्वास ठेवू नका. नव्या रंगाला भुलू नका. वरून चकाचक दिसणारी टाकी आतून कुजलेली असू शकते. लोखंडी टाकीत समुद्राच्या खाऱ्या दमटपणाचा अंश राहिला की आतून गंज धरतो. त्यात कार्बन डायऑक्साइड भरला की त्या ओलाव्यात आम्ल तयार होतं आणि ते लोखंड आणखी खातं. ॲल्युमिनियमच्या टाक्याही निर्धोक नाहीत. १९७० आणि १९८० च्या दशकांत बनलेल्या अनेक टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या होत्या. सतत दाबाखाली राहून त्यांच्या मानेला आतून तडे जातात हे पुढे उघड झालं. अशा टाक्या जगात फुटल्याही आहेत. तो तडा बाहेरून दिसत नाही.

आता पुण्याच्या उन्हाळ्याचा विचार करा. हवा भरताना दाबाचा काटा बघून भरता येते. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो टाकीत द्रवरूपात असतो, म्हणून तो वजनावर भरायचा असतो. टाकीत जितकं पाणी मावेल त्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश, त्याहून जास्त नाही. वरची जागा मोकळी ठेवावीच लागते, कारण उष्णतेनं तो द्रव फुगतो. ३१ अंशांच्या वर तर तो द्रवही राहत नाही, आणि दाब भराभर चढतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या घरात जातो. तेव्हा अगदी मापात भरलेल्या सिलिंडरमध्येही दाब १०० बारच्या वर जातो. मग आडबाजूला कुणी वजनकाट्याशिवाय, अंदाजानं, ‘थोडा जास्त घालतो’ म्हणून भरून दिलेल्या टाकीचं काय होईल? ती पत्र्याच्या छपराखाली असेल, गच्चीत असेल, पार्किंगमधल्या गाडीच्या डिकीत असेल, तर?

हे तुमच्या हातात आहे. कुणी स्वस्तात गॅस भरून देतो म्हणाला तर त्याला परवाना विचारा. वजनकाटा कुठे आहे विचारा. ही टाकी या गॅससाठी मंजूर आहे का, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर तिथून निघा. आणि टाकी स्कूटरवर पायांत धरून आणू नका. आपल्या पुण्यात गहू, गाद्या, कपाटंसुद्धा दुचाकीवरून जातात, पण भरलेला गॅस सिलिंडर सायकलवरून किंवा कुठल्याही दुचाकीवरून न्यायला गॅस सिलिंडर नियमांनी मनाई आहे. ती मनाई तुमच्याच जिवासाठी आहे. रेल्वेच्या पुलाखालच्या गर्दीत तुमच्या पुढे-मागे चालणाऱ्या माणसांसाठीही आहे.

टाकी फुटली नाही तरी धोका संपत नाही. दुसरा धोका शांत आहे आणि त्यामुळेच जास्त फसवा. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. गळती झाली की नाकाला कळतं आणि आपण खिडकी उघडतो. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही. तो हवेच्या दीडपट जड असतो, म्हणून खाली साचतो. खडकी बाजारातल्या जुन्या घरांत, क्वार्टर्समध्ये, रेंज हिल्सकडच्या लहान खोल्यांत आपण कसे राहतो ते आठवा. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंची. त्यात पाच किलो कार्बन डायऑक्साइड सुटला तर खोलीतल्या हवेचा जवळजवळ दहावा हिस्सा या गॅसचा होतो. चार टक्क्यांनाच तो जिवावर बेतू शकतो. दहा टक्क्यांना काही मिनिटांत माणसाची शुद्ध हरपते. आणि एका स्कूबा टाकीत पाच किलोंपेक्षाही जास्त गॅस मावतो. आपल्या घरात जमिनीवर गादी घालून कोण झोपतं? लहान मुलं. आजी-आजोबा. गॅस आधी त्यांच्याच नाकाशी पोहोचतो.

हे घडलेलं आहे, आणि सोड्याच्याच गॅसनं घडलेलं आहे. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पूलर गावी एका उपाहारगृहात शीतपेयाच्या यंत्राकडे जाणारी कार्बन डायऑक्साइडची नळी गळत होती. गॅस स्वच्छतागृहात साचला. एक वृद्ध महिला त्यात दगावली. फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोत वाढदिवसाच्या मेजवानीत गंमत म्हणून बंदिस्त जागेतल्या तरणतलावात सुका बर्फ टाकला. सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइडच. तीन माणसं गेली. दोन्ही ठिकाणी लोक निर्धास्तपणे आले होते.

म्हणून ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या, मुलांकडूनसुद्धा. गॅसची टाकी असलेल्या खोलीत अचानक डोकं जड झालं, धाप लागली, छाती धडधडू लागली, तर थांबू नका. मुलांना उचला, म्हाताऱ्यांना हाताला धरा, दार उघडं टाका आणि बाहेर पडा. पंखा लावत बसू नका. व्हॉल्व्ह शोधत बसू नका. आत कुणी पडलेलं दिसलं तर एकट्यानं धावत आत जाऊ नका. वाकून उचलायला गेलेला माणूसही तिथेच पडतो, आणि एकाऐवजी दोन जीव जातात. १०१ ला किंवा ११२ ला फोन करा, आत कार्बन डायऑक्साइड आहे असं स्पष्ट सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

अजून एक धोका आहे आणि तो तुमच्या घरातला नाही. तो दुसऱ्याच्या घरातला आहे. स्कूबाची टाकी माणसानं श्वास घेण्यासाठी बनवलेली असते. तारकर्लीला, मालवणला, गोव्याला आपली मुलं सुट्टीत बुडी मारायला जातात. पाठीवर टाकी बांधतात, तोंडात नळी धरतात आणि समुद्रावर नव्हे, त्या टाकीवर विश्वास ठेवून खाली उतरतात. समजा तुम्ही तुमच्या टाकीत सोड्याचा गॅस भरला. दोन वर्षांनी हौस फिटली. टाकी विकली, कुणाला देऊन टाकली, भंगारात गेली, तिथून कुणी उचलली. बाहेरून ती अजूनही श्वासाचीच टाकी दिसते. तिच्यातला गॅस कुणी तोंडाला लावला, तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाऊ शकते. कुणाच्या तरी लेकराचा श्वास तुमच्या टाकीवर येऊन थांबू नये. तुम्हाला ते कधीच नको आहे. मग ती टाकी आपल्या हातून बिघडू देऊ नका.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूरच्या तावरजा कॉलनीत फुगेवाला फुगे भरत होता. भोवती मुलं जमली होती. सिलिंडर फुटला. फुगेवाला जागीच गेला, ११ मुलं जखमी झाली. गॅस वेगळा होता, पण चूक ओळखीची आहे. दाबाखालची टाकी, आणि जवळ उभी असलेली मुलं. त्या फुगेवाल्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्याला पोट भरायचं होतं.

खडकीला हे समजावून सांगावं लागत नाही, अशी माझी खात्री आहे. आपल्या गावात १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. हाय एक्स्प्लोझिव्हज् फॅक्टरी आहे. कितीतरी घरांत आजोबा, वडील, मुलगा अशा पिढ्यांनी तिथे नोकरी केली. गेटवर काडीपेटी काढून ठेवायची, आत नियमाबाहेर एक पाऊल टाकायचं नाही, ‘एवढ्यानं काय होतं’ असं कधी म्हणायचं नाही, ही शिस्त त्या घरांनी अंगी बाणवली. त्या शिस्तीमुळे माणसं संध्याकाळी धडधाकट घरी आली. कारखान्याच्या भिंतीआड जी काळजी घेतली, ती स्वतःच्या स्वयंपाकघरात का सोडायची? निवृत्त काका-मामांनो, तुमचं म्हणणं वस्तीत ऐकलं जातं. तुम्ही बोला. नव्या मुलांना बसवून सांगा.

कायदाही स्पष्ट आहे. दाबाखालचा गॅस भरलेला सिलिंडर हा आपल्याकडे १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतो, आणि त्यासाठी आज २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. ते पाहणारी केंद्र सरकारची संस्था, पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मंजुरी नसलेला सिलिंडर भरता येत नाही. एका गॅसचा सिलिंडर दुसऱ्या गॅससाठी बदलायचा तर पेसोच्या मुख्य नियंत्रकांची परवानगी लागते. ठरावीक मुदतीनं दाबचाचणी करावीच लागते. चाचणीत नापास झालेला सिलिंडर चेपून किंवा तुकडे करून नष्ट करायचा असतो, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. या प्रत्येक नियमामागे कुठेतरी गेलेला जीव आहे.

कुणी म्हणेल, परदेशात हौशी लोक करतात, मग आपण का नाही? त्या लोकांपैकी जे शहाणे आहेत ते आधी टाकी चाचणी केंद्रात नेतात, व्हॉल्व्ह बदलतात, जास्त दाब झाला तर फुटून गॅस बाहेर सोडणारी सुरक्षा चकती योग्य मापाची बसवतात आणि वजनावर भरून घेतात. व्हिडिओत हे दोन सेकंदांत जातं किंवा जातच नाही. दिसते ती नळी, बाटली आणि फेस. स्कूबाच्या व्हॉल्व्हला सोड्याचा रेग्युलेटर मुळात बसत नाही. मग मध्ये कुठला तरी जोड टाकावा लागतो. सोड्याच्या बाटलीला तीन-चार बार पुरतात. रेग्युलेटर बिघडला आणि साठ बार थेट बाटलीत गेले तर बाटली हातातच फुटते. काच असेल तर डोळे जातात. पुन्हा, टाकीत आधी काय होतं, आत कुठलं तेल, कुठला गंज, हे माहीत नसताना त्यातून आलेला गॅस तुम्ही मुलांच्या पेल्यात सोडणार. खाण्यापिण्यासाठीचा कार्बन डायऑक्साइड वेगळ्या शुद्धतेचा असतो. वेल्डिंगच्या दुकानातला गॅस त्यासाठी नसतो.

टाकी घरात आलीच असेल तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. तिचा व्हॉल्व्ह फिरवून बघू नका. ‘रिकामी करून टाकू’ म्हणून खोलीत गॅस सोडू नका. सुटणारा गॅस उणे ७८ अंशांपर्यंत गार होतो, हाताची कातडी जाळतो. टाकीला भोक पाडू नका, कापू नका, वेल्डिंग करू नका. हलवणं शक्य असेल तर दोघांनी मिळून ती उघड्या, सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी न्या. तळघरात नको, जिन्याखाली नको, झोपायच्या खोलीत तर नकोच. उभी ठेवा आणि साखळीनं किंवा दोरानं बांधा, म्हणजे आडवी पडणार नाही. मुलांना तिथून लांब ठेवा. मग औद्योगिक गॅसच्या परवानाधारक विक्रेत्याला किंवा सिलिंडर चाचणी केंद्राला फोन करा. पुणे-पिंपरी परिसर कारखान्यांचा आहे, असे विक्रेते आपल्याकडे आहेत. टाकीत काय आहे ते खरं सांगा. लाजू नका. तुम्हाला ओरडायला कुणी बसलेलं नाही, टाकी नीट बाजूला काढायला बसलं आहे.

भंगारवाल्या भाऊंनो, तुम्हाला खास विनंती. जुना सिलिंडर आला की वजन करून गॅस कटर लावू नका. आतला दाब तुम्हाला दिसत नाही. घरी तुमचीही वाट बघणारी माणसं आहेत. चाचणी केंद्राकडून नष्ट करून आलेला, तुकडे झालेला सिलिंडरच घ्या. गॅस भरणाऱ्यांनो, ओळखीच्या माणसाचं मन मोडेल म्हणून भिडेला बळी पडू नका. ‘नाही’ म्हणा. तुमच्या एका नकारानं एक घर वाचतं.

आणि सोडा सोडायचा नाही, बरं का. पुण्याचं आणि सोड्याचं नातं जुनं आहे. कॅम्पातल्या अर्देशीरांचा सोडा १८८४ पासूनचा. जाड काचेच्या बाटलीत गोटी घालून गॅस कोंडायची युक्ती हायरम कॉड यांनी त्याच्याही आधी, १८७२ च्या सुमारास पेटंट केली. ती बाटली त्या दाबासाठीच घडवलेली असते. घरी सोडा हवा असेल तर घरगुती सोडा मशीन घ्या, कंपनीचा मंजूर छोटा सिलिंडर वापरा आणि रिकामा झाला की बदलून घ्या. त्यात साधारण चारशे ग्रॅम गॅस असतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो सगळा सुटला तरी हवेत एक टक्क्याच्या आतच राहतो. तेव्हाही खिडक्या उघडून बाहेर यायचंच, पण जीव वाचवायला वेळ मिळतो. टाकीच्या बाबतीत तो वेळ मिळत नाही. घरी मशीन नको असेल तर नाक्यावरचा गोटी सोडा घ्या. त्यात वरून लिंबू पिळा, सैंधव घाला, कोकम घाला. चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या.

आता उठा. आज संध्याकाळी माळ्यावर बघा, गच्चीवर बघा, पार्किंगचा कोपरा बघा. जुना सिलिंडर, अग्निशामक नळकांडं, स्कूबाची टाकी, काहीही बेवारस पडलं असेल तर खांद्यावरचं वर्ष वाचा आणि त्याची सोय लावा. सोसायटीच्या बैठकीत हा विषय घ्या. मंडळाच्या फलकावर चार ओळी लिहा. शाळेतल्या बाईंना, सरांना सांगा, मुलांपर्यंत पोहोचेल. ज्यानं तुम्हाला तो व्हिडिओ पाठवला त्याला रागावू नका, त्याला फोन करा आणि म्हणा, ‘बाबा रे, हे नको.’ तो तुमचं ऐकेल, कारण तुम्ही त्याचे आहात. खडकीत एकही घर सोड्याच्या एका पेल्यासाठी उद्ध्वस्त होऊ नये. हे थांबवणं सरकारच्या, पोलिसांच्या, अग्निशमन दलाच्या हाती येण्याआधी तुमच्या हाती आहे. आजच करा.